टाकीवरचा फोन

दीपमाला स्वयंपाकघरात स्टुलावर चढली, फोन धरलेला हात छताला लागेल इतका वर नेला आणि मान मागं टाकून फोनच्या कोपऱ्यातल्या काड्या मोजू लागली.

"किती?" अंगणातून ज्ञानेश ओरडला.

"दोन."

"खिडकीकडं सरक जरा."

ती खाली उतरली, स्टूल सरकवलं, परत चढली. "एक."

"काय राव! मग फडताळाकडं घे. हळूहळू फिरव, घाई नको करू."

तिनं फोन हळूहळू फिरवला. फडताळ, पाण्याचा फिल्टर, देवघराचा कोपरा. उंबऱ्यात पाय पसरून गलांड्याच्या फुलांच्या माळा ओवत बसलेल्या तिच्या सासूनं, सरुबाईंनी, सुनेचा तो अवतार पाहिला आणि सुईत दोरा भरता भरता म्हणाल्या,

"एवढं देवाला ओवाळलं असतं तं तो तरी पावला असता."

ज्ञानेशला हसायला वेळ नव्हता. रविवारची अख्खी दुपार त्यानं बायकोच्या फोनसाठी काढली होती. मखमलाबादच्या पुढं, रामशेज किल्ल्याच्या अंगाला त्यांचा फुलांचा मळा. डोंगर जवळ आणि टॉवर लांब. घरात पाऊल टाकलं की फोनचा नुसता आरसा व्हायचा. म्हणून त्यानं शेजारच्या मळ्यातल्या देवरामचं आणि किराणावाल्या आक्काबाईचं, अशी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं तासाभराच्या बोलीवर मागून आणली होती. ज्या कार्डाला घरात रेंज, त्या कंपनीत जायचं आणि उद्याच्या उद्या शहरात जाऊन नवा फोनही घ्यायचा, असं त्यानं ठरवलं होतं. आणि ज्ञानेशनं एकदा ठरवलं की संपलं. लग्नात हळद लावून घेतानाही तो घड्याळ बघत होता म्हणे.

देवरामचं कार्ड दोन काड्यांच्या वर गेलं नाही. मग आक्काबाईचं. दीपमालानं पिनेनं कप्पा उघडला, कार्ड बसवलं, आणि फोन चालू होईपर्यंत मनातल्या मनात म्हणत राहिली, नको, नको, नको.

फोन उजळला. चार काड्या. चारही गच्च भरलेल्या. शेगडीपाशी चार, देवघरापाशी चार. ती न्हाणीच्या दारात जाऊन उभी राहिली, तिथंही चार.

"काय गं? झोपली का काय?"

तिच्या जिभेवर 'एक' आला होता. पण तीन दिवसांपूर्वी बाजारातून परत आलेला ज्ञानेशचा चेहरा तिला आठवला आणि तो 'एक' तिनं गिळून टाकला.

"चार आहेत," ती म्हणाली.

अंगणात टाळी वाजली. "आक्काबाई पावली!" ज्ञानेश म्हणाला. "आता बस आरामात घरात. भाकरी थापता थापता ऑर्डर घ्यायची."

दीपमाला न्हाणीच्या दारातच उभी राहून पदरानं उगाच फोनची काच पुसत राहिली. सरुबाईंनी तिच्याकडं एकदा पाहिलं, मग परत माळेकडं.

*

नको म्हणायला तसंच कारण होतं, आणि ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

घराच्या मागं, विहिरीला लागून सिमेंटची पाण्याची टाकी आहे. लोखंडी शिडीच्या अकरा पायऱ्या चढून गेलं की वर सपाट स्लॅब, दोन माणसं मांडी घालून बसतील एवढा. साऱ्या मळ्यात फोन नीट लागायचा तो फक्त तिथं. फुलांच्या ऑर्डरी संध्याकाळी येतात. दुकानदार उद्याचा अंदाज घेऊन साडेपाच-सहाला फोन करतात, आणि मग मळ्यात ठरतं की पहाटे काय तोडायचं आणि किती. ज्ञानेश त्या वेळी फवारणीत नाहीतर पाणी भरण्यात, म्हणून हे काम दीपमालाकडं आलं. रोज साडेपाचला ती हात पुसायची, फोन आणि ऑर्डरची वही घ्यायची आणि टाकीवर जायची. उतरायची ती सव्वासात वाजता.

आता खरं सांगायचं तर ऑर्डरी वीस-पंचवीस मिनिटांत संपायच्या.

उरलेला वेळ दीपमाला फोन नुसता कानाला लावून बसायची. पलीकडं कोणी नसायचं. हा शोध तिला सात वर्षांपूर्वी लागला, तोही चुकून. निफाडहून तिच्या बहिणीचा, मंजुषाचा फोन आला होता, बोलता बोलता कट झाला, आणि हिच्या ते ध्यानातच आलं नाही. ती समोर बघत, फोन कानाला लावून तशीच बसून राहिली. तेवढ्यात ज्ञानेश काहीतरी मागायला शिडीपाशी आला. वर पाहिलं, बायको फोनवर आहे असं दिसलं, तसा हातानं 'चालू दे, चालू दे' अशी खूण करून निघून गेला. दीपमालाला पहिल्यांदा हसू आलं आणि मग एकदम कळलं की लग्न झाल्यापासून आपण अशा रिकाम्या कधी बसलोच नव्हतो. घरात बसलेल्या बाईला सगळे हाका मारतात. फोनवर असलेल्या बाईला कोणी मारत नाही.

तेव्हापासून तो तास तिचा झाला. कोणी खालून गेलंच तर ती म्हणायची, "हां, बोल." आणि मग कोणीच बोलायचं नाही, त्याचं सुख काय वर्णावं!

थंडीच्या दिवसांत तर टाकीवर वेगळंच जग असायचं. सूर्य गेला की रामशेज आधी जांभळा व्हायचा, मग काळा. शेवंतीचा वास दिवसभर जमिनीशी दबून असतो, तो गारवा पडला की वर येतो. खाली टाकीत पाणी पडत असलं की स्लॅब मांडीखाली बारीक थरथरायचा, आणि मग दीपमालाला वाटायचं की टाकी सुटली. खुंट्याची दोरी सोडलेल्या होडीसारखी ती हळूच विहिरीपासून निघायची, झेंडूच्या पिवळ्या वाफ्यावरून, देवरामच्या द्राक्षबागेवरून, कुठलाही आवाज न करता. लांब नाशिकचे दिवे एकेक करून लागत असायचे. टाकी त्या दिव्यांच्या बाजूनं जायची आणि मग त्यांच्या वरून पुढं. कधी लहानपणीच्या नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर पोहोचायची, तिथं पाखरं झोपायच्या आधी भांडत असायची. कधी कुठंच पोहोचायची नाही. सिन्नरला हॉस्टेलवर राहणाऱ्या लेकीची काळजी, सासूचे गुडघे, उद्याची तोड, सगळं खाली अंगणात राहायचं. ते कोणी उचलून नेणार नाही याची तिला खात्री होती, म्हणून तर ती एवढी निवांत निघायची.

सव्वासातला टाकी परत जागेवर यायची. दीपमाला शिडी उतरून भाजीला फोडणी घालायची.

*

पण सात वर्षांत कधी झाली नव्हती ती चूक गेल्या बुधवारी झाली.

मार्गशीर्षाचा महिना. गुरुवारी घरोघरी देवीची पूजा मांडतात, त्यामुळं बुधवारी संध्याकाळी फुलांच्या ऑर्डरींची नुसती झुंबड. दीपमालानं चार ऑर्डरी घेतल्या आणि जुन्या फोननं मान टाकली. त्याची बॅटरी हल्ली तशीच, भरवशाची नव्हती. ती खाली उतरली, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवून फोन चार्जिंगला लावला. दहा मिनिटं थांबायचं, थोडा चार्ज झाला की परत वर. पण मागच्या दारातून आभाळ दिसलं. असं आभाळ वर्षातून दोनदा-तीनदा होतं. तिचे पाय आपसूक शिडीकडं वळले. दहा मिनिटंच, ती म्हणाली. वर जाऊन बसली, आणि सवयीनं हात कानाला गेला. हातात काही नव्हतं. तिनं रिकामा तळहात तसाच कानाला लावला. अंधारात कोणाला काय कळतंय?

दहा मिनिटांचा तास कधी झाला ते तिला कळलं नाही.

त्या तासात कॉलेज रोडच्या उज्वलाताईंनी नऊ वेळा फोन केला. उज्वलाताईंचं फुलांचं दुकान म्हणजे या मळ्याचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. खिळ्याला लटकलेल्या फोनला त्या भिंतीत रेंज कुठली! नऊही वेळा बाईंना एकच उत्तर मिळालं, संपर्क क्षेत्राबाहेर. शेवटी त्यांनी दुसरीकडून फुलं मागवली. पहाटे फुलबाजारात त्या ज्ञानेशला सगळ्यांदेखत बोलल्या, "तुमच्या भरवशावर राहिले आणि माझा गुरुवार बुडाला असता." तो घरी आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"तू टाकीवरच होती ना?" त्यानं विचारलं.

"हो."

"फोन आला नाही?"

"नाही आला," दीपमाला म्हणाली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या आणि दोन्ही मिळून धादांत खोटं होतं.

"मग कंपनीच बोगस," ज्ञानेश म्हणाला. "फोनही गेलाय आणि कंपनीही. दोन्ही बदलू."

बायकोवर संशय घ्यायचं त्याच्या मनात आलं नाही, आणि त्याचंच दीपमालाला जास्त लागलं. खरं सांगितलं तर टाकी जाणार. नाही सांगितलं तर नवी कंपनी घरात रेंज आणणार, म्हणजे तरीही टाकी जाणार. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते चार दिवस तिच्या मनात पडलं होतं. 

*

सोमवारी दोघं एमजी रोडला गेली. दुकानात छातीवर 'राज' अशी पट्टी लावलेल्या विक्रेत्यानं काचेवर पाच फोन मांडले आणि ज्ञानेशशी बोलायला सुरुवात केली. कॅमेरा, बॅटरी, मेमरी. ज्ञानेश म्हणाला, "मला नका सांगू, फोन हिचा आहे." तसा राज दीपमालाकडं वळला.

"ताई, वापर कशासाठी? वर्क का पर्सनल?"

"फुलांच्या ऑर्डरी घ्यायच्या."

"म्हणजे वर्क. आणि पर्सनल?"

दीपमाला विचारात पडली. राजला वाटलं आपण नीट समजावलं नाही. त्यानं एक फोन उचलला, त्याचा कप्पा ओढून दाखवला. "यात दोन कार्डं बसतात. एक वर्कचं ठेवायचं, एक पर्सनलचं. काम संपलं की वर्कचं बंद करायचं, पर्सनल चालू. बरेच जण असंच करतात."

"पर्सनलमधी काय काय येतं?" तिनं विचारलं.

"म्हणजे..." राज जरा अडखळला. "तुमचं स्वतःचं. घरच्यांचे फोन, मैत्रिणींचे, असं."

ज्ञानेश हसला. "हिचं वेगळं काय असायचं? आमचं घर आणि धंदा एकच आहे दादा. एक नंबर बास."

त्यानं ते मोठ्या मायेनं म्हटलं होतं. अभिमानानंही. सगळा मळा ह्या बाईच्या जिवावर चाललाय, असंच त्याला म्हणायचं होतं. त्यात वाईट काढायला जागा नव्हती. दीपमाला त्या कप्प्याकडं बघत राहिली. एका खोबणीत तिचं कार्ड बसणार होतं आणि दुसरी रिकामी राहणार होती.

"नुसता फोन बदलला तर?" तिनं शेवटचा प्रयत्न केला. "कंपनी राहू द्या ना जुनीच. सात-आठ वर्षांची सवय आहे."

"फोन बदलून भिंतीत रेंज येती का?" ज्ञानेश म्हणाला. "काहीपण बोलती."

तिनं पाचांतला सगळ्यात हलका फोन घेतला. हातात वजनच लागत नव्हतं. "याला बंद कुठून करायचं?" तिनं विचारलं.

राजला हे विचारणारं गिऱ्हाईक पहिल्यांदाच भेटलं असावं. "बंद?" तो म्हणाला. "आता कोण बंद करतं, ताई?"

मग नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचं काम. मेसेज पाठवला, कोड आला, आधार कार्ड दिलं. राजनं छोटं यंत्र पुढं केलं आणि म्हणाला, अंगठा ठेवा. दीपमालानं अंगठा ठेवला. खरेदीखतावर टाकी लिहून दिल्यागत वाटलं तिला.

"गुरुवारी रात्रीपर्यंत नवीन कार्ड चालू होईल," राज म्हणाला. "तोवर जुनंच चालेल."

म्हणजे तीन संध्याकाळी हातात होत्या. त्यातली बुधवारची तर ऑर्डरी घेण्यातच सरली, दीपमाला या वेळी फोन घट्ट धरून बसली होती. गुरुवारी मात्र तिनं लवकर आवरलं आणि टाकीवर जाऊन बसली. नवा फोन कानाला लावला, तो गार लागला. टाकी सुटायची तिनं वाट पाहिली. खाली पाणी पडत होतं, स्लॅब थरथरत होता, दिवेही लागले, पण टाकी काही जागची हलली नाही. शेवटच्या दिवशी असंच होतं. स्टेशनावर पोहोचवायला आलेल्या माणसाशी नीट बोलता येत नाही तसं.

*

आणि मग घरात रेंज आली.

आली ती कशी! न्हाणीत, गोठ्यात, पांघरुणात. फोन सकाळी वाजायचा, जेवताना वाजायचा. साडेपाच वाजले की दीपमालाचे डोळे मागच्या दाराकडं जायचे, आणि तेवढ्यात ओट्यावर फोन वाजायचा. तो उचलला की "अगं, चहा टाक", तो ठेवला की "अगं, माझा टॉवेल". फोनवर असली तरी आता ती घरात होती, आणि घरातल्या बाईला हाका मारायला कोणाची हरकत? पहिल्या दोन दिवसांत तिला एवढं विशेष वाटलं नाही. तिसऱ्या दिवसापासून तिची झोप उडाली. सहाव्या दिवशी तिनं भाजीत दोनदा मीठ टाकलं. ज्ञानेशनं ते निमूटपणे खाल्लं, सरुबाईंनीही खाल्लं. 

त्या दिवशी बुधवार होता. दुसऱ्या दिवशी मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. साडेपाचला फोन सुरू झाला तो थांबेना. दीपमालानं तो पिठाच्या डब्याला टेकवून स्पीकरवर ठेवला होता. एका हाताला पीठ, दुसऱ्या हातात पेन. "शेवंती आठ क्रेट. हो दादा. झेंडू पण? पिवळा का भगवा?" क्रेट कमी पडणार म्हणून ज्ञानेश देवरामकडं निघाला होता. जाता जाता दारात थांबून त्यानं हे कौतुकानं पाहिलं.

"बघ, किती सोय झाली," तो म्हणाला. "शिडी चढायची कटकट गेली ना?"

"हो," दीपमाला म्हणाली.

तो गेला. फोन परत वाजला. तिनं ऑर्डर लिहिली, वळून पाहिलं तर तव्यावरची भाकरी काळी झाली होती. तिनं ती उलथन्यानं उचलली आणि उलथनं हातात धरूनच ती रडायला लागली. आवाज न करता, पण खांदे हलत होते. करपलेल्या भाकरीपायी कोणी असं रडत नाही, हे उंबऱ्यात बसलेल्या सरुबाईंना कळत होतं.

त्या गुडघ्यांवर हात रोवून उठल्या. दोन पावलं चालून शेगडीपर्यंत आल्या, गॅस बंद केला आणि पिठाच्या डब्याजवळचा फोन उचलला.

"हात धू," त्या म्हणाल्या. "अन् जा टाकीवर."

"आत्याबाई, आता घरात येते ना रेंज. टाकीवर जाऊन काय करू?"

"तुला तिथं बसायला रेंज लागती कव्हा?"

दीपमालाच्या हातातलं उलथनं खाली आलं.

"त्या बुधवारी फोन ह्या खिळ्याला व्हता," सरुबाई म्हणाल्या. "लाल दिवा लागलेला. म्हणलं इसरली का काय, नेऊन द्यावा. टाकीखाली आले, तं तू वर बसलेली. हात कानाला. हां, बोल, म्हणत व्हती."

दीपमालाला कुठं बघावं कळेना.  सात वर्षांचं सगळं उघडं पडलं होतं, तेही सासूपुढं.

"तुम्ही ह्यांना काही बोलला नाही," ती कशीबशी म्हणाली.

"काय बोलायचं? तुझा नवरा इचारणार, मग ती करत काय व्हती? त्याला काय सांगू, काय नाय करत व्हती?" सरुबाईंनी फोन उलटसुलट करून पाहिला. "आम्हाला नदी व्हती. धुणं तासाभराचं, बसायचो दोन तास. सासू म्हणायची, एवढा उशीर? आम्ही म्हणायचो, पाणी गढूळ व्हतं, निवळायची वाट पाह्यली. बारा महिने पाणी गढूळ! उन्हाळ्यात बी!"

त्या हसल्या. दीपमालाला रडता रडताच हसू फुटलं.

"पण उज्वलाताईंची ऑर्डर माझ्यामुळं गेली, आत्याबाई."

"गेलीच. ते काय चांगलं नाय केलं तू. म्हणून फोन माझ्याजवळ दे. ऑर्डरी मी घेते."

"तुम्हाला लिहायला—"

"लिहायचं कशाला? तुझ्या वहीआधी तीस वर्षं मीच घेत व्हते ऑर्डरी. एक पण चुकली नाय." त्यांनी उंबऱ्यापाशी पसरलेल्या चादरीकडं बोट केलं. तिच्यावर सुट्या फुलांचे ढीग होते. ती त्यांची जुनी रीत, सगळ्या मळ्याला ठाऊक असलेली. एका गिऱ्हाइकाची एक ओळ, एक फूल म्हणजे एक क्रेट. शेवंतीला शेवंती, झेंडूला झेंडू. "तू फक्त सांग, दाबायचं कुठं."

"हिरव्यावर. वाजला की वर ढकलायचं."

"हिरव्यावर. बरं. आता नीघ, का मी चढू तुझ्या बदल्यात?"

*

अकरा पायऱ्या. सहा दिवसांत त्या जास्त झाल्यासारख्या वाटल्या. दीपमाला वर जाऊन बसली. स्लॅब अजून उन्हानं कोमट होता. रामशेज जांभळा होऊन गेला होता आणि आता कडेनं काळा पडत चालला होता. तिचा हात आपला आपण उठला आणि कानाला लागला.

खालून सरुबाईंचा आवाज येत होता. नाशिकपर्यंत तो फोनाशिवायच पोचवायचा, अशा बेतानं त्या बोलत होत्या. "हालो! बोला! सरुबाई बोलते! कोण, उज्वला? अगं बाई, किती वर्षांनी! सांग, गलांडा किती?"

थोड्या वेळानं पिकअप गाडी आली. क्रेट उतरल्याचे आवाज आले. ज्ञानेश घरात गेला असावा, कारण मग त्याचंही बोलणं ऐकू आलं.

"हे काय आई, फुलं का मांडलीस? ही कुठं गेली?"

"टाकीवर. फोनवर हाय."



"आई, फोन तर तुझ्या हातात आहे."

"दिसतंय मला. तिसऱ्या ओळीत पाय नको देऊ, उज्वलाची हाय ती. पहिलं ते क्रेट मांड."

 मागचं दार वाजलं. चपला अंगणातून विहिरीकडं आल्या आणि शिडीपाशी थांबल्या. तिनं खाली पाहिलं. ज्ञानेश मान वर करून उभा होता. आभाळात अजून पुरेसा उजेड होता. तिचा तळहात कानाला होता, आणि त्यात काही नाही हे खालून दिसत होतं.

'हां, बोल' असं तिच्या ओठांवर आलं. ती बोलली नाही. तिनं हात कानापासून काढला आणि मांडीवर ठेवला. उताणा, जसा होता तसा.

ज्ञानेश बघत राहिला. काहीतरी विचारायला त्यानं तोंड उघडलं. मग त्याची नजर तिच्यावरून सरकली, ती जिकडं बघत होती तिकडं गेली, शेवंतीवर, लांबच्या दिव्यांवर, आणि तिथं बराच वेळ राहिली. शेवटी त्यानं तिच्याकडं पाहून हातानं खूण केली. सात वर्षांपूर्वी केली होती तीच. चालू दे, चालू दे.

तो क्रेट मांडायला गेला.

विहिरीवरची मोटार चालू झाली, टाकीत पाणी पडायला लागलं आणि स्लॅब मांडीखाली बारीक थरथरला. घरात परत फोन वाजला. सरुबाईंनी तो उचलला.